भोपळ्याची पहिली चीर

२५ जानेवारी. कोयत्याला धार लावायची होती.

चाळीच्या मागे नळाच्या कट्ट्यावर बसून मी दगडावर पाणी मारत कोयता घासत होते आणि वरच्या गॅलरीत दोन-तीन जण मुद्दाम खोकत होते. कट्ट्यापासून चार पावलांवर माझा भोपळा होता. वजन एकोणचाळीस किलो. दुपारी चार वाजता तो मी माझ्या हाताने कापणार होते आणि चाळीत सकाळपासून दुसरा विषय नव्हता. कारण बाईने अख्खा भोपळा कापायचा नसतो. पहिली चीर पुरुषाने द्यायची. त्यानंतर तो सोलायचा, चिरायचा, शिजवायचा, वाढायचा आणि त्याची भांडी घासायची, हे सगळं बाईने केलं तरी चालतं. पहिली चीर तेवढी नाही. दिली तर घरातल्या पुरुषाचं वाईट होतं असं आमच्याकडे मानतात. माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि ती मानते. ती सकाळपासून माझ्याशी बोलली नव्हती.

आमची चाळ लालबागला. मागच्या भिंतीला लागून पूर्वी पाण्याची टाकी होती. टाकी पाडली, ढिगारा तसाच राहिला आणि लोक त्यावर फुटक्या बादल्या टाकत राहिले. तीन वर्षांपूर्वी मी तो ढिगारा काढला. सोसायटीची परवानगी काढली नाही, कारण फुटक्या बादल्यांनीही काढली नव्हती. आठ फूट बाय दहा फूट जागा निघाली. वडाळ्याहून टेम्पोने लाल मातीची पोती आणली, मंडईतला पाला कुजवला, मासे धुतलेलं पाणी रोज तिथेच ओतायला लागले. पहिलं वर्ष मांजरांनी घेतलं. दुसऱ्या वर्षी अळू, मिरच्या आणि थोडी वांगी आली.

भोपळ्याचं कारण अगदी क्षुल्लक. मी परळच्या एका इस्पितळात रेकॉर्ड विभागात काम करते. तिथली एक सहकारीण सावंतवाडीकडची. तिच्या मामाच्या परसात पस्तीस किलोचा भोपळा झाला म्हणून ती फोटो दाखवत होती. मी म्हटलं, बिया आण, मी लावते. ती म्हणाली, "चाळीत? कुंडीत लावणार का बाल्कनीत टांगणार?" मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बिया मागितल्या. तिसऱ्या दिवशीही.

सात बिया आल्या. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या, चार रुजल्या. सप्टेंबर संपता संपता चारही लावल्या. पंधरा दिवसांनी सगळ्यांत दणकट वेल तेवढा ठेवला आणि तीन उपटले. आई म्हणाली, चांगली रोपं कशाला मारलीस. मी म्हटलं, मला भाजी नको आहे, एकच मोठा भोपळा हवा आहे. मोठा भोपळा करायचा तर वेल एक आणि वेलावर फळ एक. बाकी सगळं खुडायचं. यात हळवं होऊन चालत नाही.

वेल वाढायला लागला तसा मी तो माझ्या सोयीने फिरवला. जागा संपली की टोक वळवायचं, पेरापेरावर मातीचा ओंजळभर ढीग घालायचा, म्हणजे तिथेही मुळं फुटतात. नोव्हेंबरात फुलं आली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी एका सकाळी डझनभर फुलं तोडून घेऊन गेल्या आणि संध्याकाळी मलाच भजी घेऊन आल्या. खाऊन झाल्यावर मी विचारलं, यातल्या काही फुलांच्या मागे लिंबाएवढा गोळा होता का? त्या म्हणाल्या, "होता ना दोन फुलांना. तो पण तळला. कोवळा होता." म्हणजे पहिले दोन भोपळे मी स्वतः पीठ लावून खाल्ले. वहिनींना दुसऱ्या दिवशी वेलापाशी नेऊन दाखवलं, बारीक दांडीवरचं ते नराचं फूल, हवी तेवढी न्या. गोळा असलेल्याला हात लावलात तर बघा. तेव्हापासून त्या माझ्याकडून पहाऱ्याला होत्या.

मुंबईत मधमाशांवर विसंबून राहता येत नाही. म्हणून सकाळी सहा-साडेसहाला, फूल उघडलेलं असताना, मी खाली उतरायचे. नराचं फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि आतला पिवळा दांडा मादीच्या फुलात फिरवायचा. सोसायटीचे सेक्रेटरी त्याच वेळी गॅलरीत दात घासत उभे असायचे. ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, रिटायर झालेत, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे आहेत आणि त्यांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलेलं आहे. मी लग्न केलेलं नाही, हेही त्यांना पाठ आहे.

"काय गं, सकाळी सकाळी दुसऱ्यांची लग्नं लावतेस?"

मी म्हटलं, "हो. तुमच्याकडे आहे का कोणी राहिलेलं?"

त्यांचा मुलगा छत्तिशीचा आणि बिनलग्नाचा. ते चूळ भरायला आत गेले.

तीन फळं धरली. आठवड्याने त्यांतलं एक ठेवलं आणि दोन खुडली. आता आईने आपला कायदा सुरू केला. कोवळ्या फळाकडे बोट दाखवलं की ते सडतं, त्यामुळे दाखवायचंच असेल तर बोट मुडपून, पेराने दाखवायचं. चाळीतली पोरं दिवसभर फळाला हात लावायची, नखं रुतवायची. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "भोपळ्याला बोट दाखवू नये", आणि काठीला लावून टाकलं. पोरं टरकली. मोठी माणसंही मूठ वळून लांबून विचारायची, किती झाला गं? पाटीचा उपयोग झाला. त्या पाटीमुळे पुढे मला एकदा तोंडघशी पडायची वेळ आली, ते सांगतेच.

फळ जमिनीला टेकून कुजू नये म्हणून खाली चाळीतला मोडका कॅरम बोर्ड घातला. घुशींसाठी भोवती जाळी. डिसेंबरात तो दिवसाला बोटभर फुगत होता. मी ऑफिसातून येऊन आधी दोरीने त्याचा घेर मोजायची, मग चहा. आई गॅलरीतून विचारायची, "आज काय म्हणता तो?" जसा काही आमचा भाडेकरू.

आता आमच्या घरात भोपळा का येत नव्हता ते सांगायला हवं.

मी दहा वर्षांची असताना वडील गेले. गिरणीत होते, कापसाच्या धुळीने छाती गेलेली. मागे आई आणि मी. पुढे दोन-तीनदा आईने सणाला अख्खा भोपळा आणला. तो पदराखाली धरून ती समोरच्या बिऱ्हाडात जायची, कारण तिथे पुरुष होता. मी तिच्याबरोबर असायची. ते गृहस्थ जेवत असतील तर आम्ही उंबऱ्याबाहेर थांबायचं. वर्तमानपत्र वाचत असतील तर ते पान संपेपर्यंत थांबायचं. मग ते हात न धुता सुरी टेकवायचे, बोटभर चीर पाडायचे आणि भोपळा आईच्या हातात द्यायचे. एकदा घरात पाहुणे होते. त्यांच्याकडे बघून ते म्हणाले, "घरात पुरुष नसला की हे असं." सगळे हसले. आई पण हसली.

त्यानंतर आमच्याकडे भोपळ्याची फोड यायची. पाव किलो, अर्धा किलो, भाजीवाल्याने कापून दिलेली. चाळीसेक वर्षं. मला भोपळ्याचा राग नव्हता. मला आईच्या त्या हसण्याचा राग होता आणि तो मी चांगला सांभाळून ठेवला होता.

दरवर्षी २६ जानेवारीला चाळीत सत्यनारायण असतो आणि रात्री सगळ्यांचं जेवण. पुरी, भोपळ्याची भाजी, काळ्या वाटाण्याची उसळ, शिरा. जानेवारीच्या मध्यावर वेल वाळायला लागला, देठ लाकडासारखा झाला. गल्लीतल्या भंगारवाल्याचा काटा आणून चार जणांनी भोपळा चादरीच्या झोळीत टांगला, तेव्हा एकोणचाळीस भरला. मी तिथेच सांगून टाकलं की पूजेच्या जेवणाला हाच घ्या. टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींनीही वाजवल्या. चार दिवसांनी पूजेच्या तयारीची मीटिंग होती. तिथे ते म्हणाले की पंचवीसला आचारी येईल, त्याच्या आधी अध्यक्षांच्या हस्ते भोपळा कापून घेऊ.

मी म्हटलं, तो मी कापणार आहे.

मग एकदम सगळे बोलायला लागले. सेक्रेटरींनी हात वर करून त्यांना थांबवलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला समजावलं, अख्खा कापायला कोण सांगतंय, अध्यक्ष नुसता सुरा टेकवतील, मग तू काप, हवे तर फोटो तुझेच काढू. नुसता टेकवायचा. यात तुझं काय जातं?

मी म्हटलं, माझं काही जात नसेल तर तुमचंही जात नाही. मग राहू दे तो सुरा.

"पूजेचं जेवण आहे. दीडशे माणसं जेवणार. उद्या कोणाच्या घरी काही झालं तर?"

"मी मृत्यूच्या कारणांच्या फायली लावते," मी म्हटलं. "सत्तावीस वर्षं झाली. भोपळा हे कारण एकदाही वाचलेलं नाही."

कोणीतरी हसलं. सेक्रेटरी हसले नाहीत. ते म्हणाले, "आणि ती खाली पाटी कोणी लावली? बोट दाखवू नये म्हणून? तेव्हा बरं चाललं. म्हणजे तुझ्या सोयीचं तेवढं पाळायचं."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी खरं तेच सांगितलं.

"हो. सोयीचं तेवढंच. तुम्ही सगळ्यांनी तेच केलंय. फक्त आजवर सोय तुमची होती."

मीटिंग संपली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की पूजेसाठी दादरच्या मंडईतून भोपळे आणायचं ठरलं आहे. माझा भोपळा माझ्याकडे राहिला. चुलीवर चढणार नाही अशा वस्तूसाठी मी चार महिने पहाटे उठले होते, हे मला जिन्यात भेटेल तो सांगत होता. वहिनींनी मधला मार्ग सुचवला, त्यांच्या मिस्टरांना मी रात्री हळूच बोलवावं, कुणाला कळणार नाही. मी म्हटलं, मला कळेल.

पंचवीसला सकाळी मी आईला सांगितलं की आज चारला कापते. ती भाकरी थापत राहिली. मी अर्धा दिवस ऑफिसला जाऊन आले. कोयता घासून वर आले तेव्हा ती पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून, जशी दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसते तशी.

"तू नको कापू गो," ती म्हणाली. "पुरुषमाणसाचा वाईट होता."

मी म्हटलं, "आई, आपल्या घरात आहे कोण पुरुष, वाईट व्हायला?"

हे वाक्य मी मनात बरेच दिवस तयार ठेवलं होतं. चांगलं बसेल असं वाटलं होतं. आई म्हणाली, "म्हणान तर. पुरुष नाय तर तुझ्यावर येतला."

मग तिने सांगितलं. वडील जायच्या आधीच्या श्रावणात गावाहून कोणीतरी भोपळा आणून दिला होता. वडील दुसऱ्या पाळीला, रात्री बारापर्यंत येणार नाहीत. मी शाळेतून आले आणि घारगे पाहिजेत म्हणून हट्टाला पेटले, रडून घर डोक्यावर घेतलं. आईने दार लावलं आणि भोपळा कापला. कोणी बघितलं नाही. मी बघितलं असणार, पण मला त्यातलं काही आठवत नाही. घारगे आठवतात. त्या फाल्गुनात वडील गेले.

"म्हणून मी त्या समोरच्यांकडे घेऊन जायचे," आई म्हणाली. "परत नको म्हणून."

इतकी वर्षं मी समजत होते की ती रीत पाळत होती. ती शिक्षा भोगत होती. त्या उंबऱ्याबाहेर, त्या हसण्यासकट.

मी तिच्याशेजारी बसले. हात वगैरे धरला नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. मी तिला वडिलांच्या छातीचं सांगितलं, जसं ऑफिसात नातेवाइकांना सांगते तसं, एकेक करून. तो खोकला माझ्या जन्माआधीचा होता. मी तान्ही असतानाच डॉक्टरने गिरणीतलं खातं बदलून मागा म्हणून सांगितलं होतं, आणि खातं कोणी बदलून दिलं नाही. हे सगळं तिलाही माहीत होतं. मध्येच ती म्हणाली, "माका म्हायत आसा गो ता सगळा." माहीत असणं आणि मनातून जाणं या तिच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

तिने विचारलं, "मी नको म्हटलं तरी कापशील?"

मी म्हटलं, "आता तर कापीनच. तू कापलास म्हणून ते गेले असतील, तर मी पण जाते का ते बघू. मी नाही गेले तर तू पण सुटलीस."

"मेलं तोंड तुझं," आई म्हणाली. मग म्हणाली, मी त्यातलं खाणार नाही.

चार वाजता मी खाली गेले. मागच्या बाजूच्या तिन्ही गॅलऱ्या भरल्या होत्या. सेक्रेटरी आले नाहीत, पण त्यांच्या खिडकीचा पडदा सरकलेला होता. वहिनींच्या मदतीने भोपळा कॅरम बोर्डवरून ओढून पोत्यावर घेतला. मी कोयता उचलला आणि देठाशेजारी घाव घातला. कोयता अर्धा इंच रुतला आणि अडकला. ओढला, निघेना. वरून कोणीतरी म्हणालं, बघा, तो पण ऐकत नाही. हशा झाला. मी पाय लावून कोयता सोडवला. दुसरा घाव घसरला आणि सालीचा नुसता पापुद्रा निघाला.

"देठाकडे नको मारू."

आई पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याला धरून उभी होती. खाली उतरणं तिला जमत नाही. आवाज तिचा आधीपासूनच खणखणीत.

"देठ आधी मोडून काढ. मग कोयतो उभो ठेव, मारू नको. वरून वरवंट्यान ठोक."

शेजारची म्हातारी तिच्याकडे वळून म्हणाली, "तुला गं काय माहीत कसा कापायचा?"

आई म्हणाली, "मी कापलाय."

खालपर्यंत ऐकू आलं. सेक्रेटरींच्या खिडकीपर्यंतही गेलं असणार.

वहिनी धावत जाऊन वरवंटा घेऊन आल्या. देठ मोडला, कोयता उभा धरला, ठोकला. पाचव्या-सहाव्या ठोक्याला सालीतून लांब कर्र आवाज झाला आणि भोपळा दोन बाजूंना उघडला. आत भडक केशरी, चार बोटं जाड गर. मी मान वर केली नाही. अर्ध्याचे पाव केले, पावाच्या फोडी केल्या. हात भरून आले तेव्हा थोडं थांबले आणि पुन्हा कापायला लागले.

भीती होती की कोणी घेणार नाही. पहिल्यांदा वहिनी पातेलं घेऊन पुढे झाल्या. मग तिसऱ्या मजल्यावरची नवी सून, ती म्हणाली की सासूबाईंना विचारलेलं नाही, नंतर सांगेन. मग एकामागून एक. काही जणी पुढच्या बाजूने न येता मागच्या बोळातून आल्या आणि पिशवीत घालून घेऊन गेल्या. त्यांना मी काही विचारलं नाही. पुरुष कोणी आले नाहीत, भंगारवाला सोडून. त्याने काटा दिला होता म्हणून त्याला मोठी फोड दिली. सेक्रेटरींकडे पाठवली नाही. मागितली असती तर दिली असती. संध्याकाळी आचाऱ्याचा टेम्पो दादरचे भोपळे घेऊन आला. अध्यक्षांनी त्यातल्या एकाला सुरा टेकवला. सगळे मिळून त्यांचं वजन माझ्या एकाहून कमी असावं.

रात्री मी भोपळ्याची भाजी केली आणि एकटीने खाल्ली. आईने दूधभात घेतला.

सव्वीसला सकाळी मी सहाला उठले. दोन फोडी किसल्या, गुळात शिजवल्या, त्यात मावेल तेवढी कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ मळलं, तेल तापत ठेवलं. खाली मंडप बांधणाऱ्यांचे आवाज येत होते. आई आंघोळ करून आली, देवाला फूल वाहिलं आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्यामागे उभी राहिली. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग मानेला. ताप नव्हता. मी घारगे थापत राहिले. ती पाटावर बसली. मी दोन घारगे ताटलीत घालून तिच्यासमोर ठेवले आणि पाठ फिरवली, कारण तेल जास्त तापलं होतं. थोड्या वेळाने मागून आवाज आला, गूळ कमी झालाय.

मी डब्यातला गूळ काढला, किसून उरलेल्या पिठात मळला आणि पुढचा घाणा तेलात सोडला.